भात कापणीचं मशीन आणि दहावीचं गणित

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदाच्या सुगीत येळ्ळूरच्या आमच्या शिवारात भात कापायला दोन मशीनवाले आले. एकाचा दर तासाला २,८०० रुपये, वर काही नाही. दुसऱ्याचा तासाला १,८००, पण मशीन लॉरीवरून आणून सोडायचे २,५०० वेगळे. गल्लीत दोन दिवस वाद. कुणी म्हणे तासाचा दर बघा, कुणी म्हणे वरचे पैसे कशाला द्यायचे.

माझी पुतणी दहावीला आहे. तिनं वहीत मांडलं: क्ष तास, य रुपये. य = २८००क्ष आणि य = १८००क्ष + २५००. एकातून दुसरं वजा केलं की य उडतो, उरतं १०००क्ष = २५००. म्हणजे अडीच तासांना दोघांचंही बिल ७,०००. त्याच्या आत काम उरकलं तर पहिला स्वस्त, पुढे गेलं तर दुसरा. मी याच धड्यात नापास झालो होतो. आमच्या वेळी त्यात होड्या आणि प्रवाह असायचे, भात नव्हतं.

आमचं दीड एकर गेल्या वर्षी दोन तासांत झालं होतं, म्हणून पहिल्याला बोलावलं. ५०० रुपये वाचणार होते. पण कापणीच्या तोंडावर पाऊस पडून गेलेला, खालच्या वाफ्यात चिखल. मशीन दोनदा रुतलं आणि सव्वातीन तास लागले. बिल ९,१००. दुसऱ्याकडे ८,३५० झालं असतं. पुतणीचं समीकरण बरोबर, माझा क्ष चुकला. रुतलेल्या मशीनचा वेळही तासात धरला, हे वेगळंच. त्यावरून बांधावर बरीच बाचाबाची झाली.

खरी मेख त्या २,५०० मध्ये आहे. मशीन एकदा शिवारात उतरलं की ती रक्कम पुन्हा लागत नाही. लागून शेतं असलेल्या तिघांचे मिळून सहा तास होत असतील तर पहिल्याकडे १६,८००, दुसऱ्याकडे १३,३००. आमच्याकडे मात्र भावाभावांतसुद्धा एकाच दिवशी कापायचं ठरत नाही!

तेव्हा पंचायतीनं सुगीआधी फलकावर दोन्ही आकडे लिहावेत, आणण्याचे वेगळे, तासाचे वेगळे. मशीन रुतलं तर तास कुणाच्या खात्यात, हेही त्यातच लिहावं.

आपला,
एक शेतकरी वाचक, येळ्ळूर (ता. जि. बेळगाव)