काठावरचा पंच

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी तटस्थ या शब्दाची फोड करून मला निरुत्तर केले होते. तट म्हणजे काठ, त्यावर उभा राहिलेला तो तटस्थ, आणि बुडणाऱ्याला काठावरच्या माणसाचा उपयोग काय, असा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर फोनवर नीट देता येण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. शनिवारी मी सोलहून आगगाडीने उत्तर कोरियाच्या सीमेजवळच्या इम्जिनगाकला जाऊन आले. १९५३ मध्ये सुटलेले युद्धकैदी ज्या पुलावरून दक्षिणेत परतले तो पूल तिथे आहे, आणि त्यावर उभे असताना मला सारखे आपले कोल्हापूर आठवत होते. त्याचे कारण पुढे येईलच.

कोरियन युद्ध २५ जून १९५० रोजी सुरू झाले. पुढे एका बाजूला उत्तर कोरिया आणि चीन, दुसऱ्या बाजूला दक्षिण कोरिया आणि अमेरिका असे ते पेटले, आणि वर्षभरातच दोन्ही बाजूंना कळून चुकले की कोणीच पूर्ण जिंकणार नाही. जुलै १९५१ मध्ये केसाँगला वाटाघाटी सुरू झाल्या, पण पुढे त्या अडल्या त्या जमिनीवरून नव्हे, तर कैद्यांवरून. जिनिव्हा करारानुसार युद्ध संपताच कैद्यांना मायदेशी पाठवायचे असते, पण दक्षिणेच्या ताब्यातील हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैदी परत जायला तयार नव्हते. अमेरिका म्हणे, इच्छेविरुद्ध पाठवणार नाही; चीन म्हणे, सगळे परत हवेत. या एका मुद्द्यावर वर्षाहून अधिक काळ घोळ चालला आणि तेवढा काळ माणसे मरत राहिली.

भारताचे प्रतिनिधी कृष्ण मेनन यांनी संयुक्त राष्ट्रांत मांडलेला भारताचा मसुदा डिसेंबर १९५२ मध्ये मंजूर झाला. कैद्यांना तटस्थ आयोगाच्या हवाली करावे, ही त्यातली कल्पना होती. रशियाने आणि चीनने तो तेव्हा धुडकावला. मार्च १९५३ मध्ये स्टालिनचा मृत्यू झाला, चीनची भूमिका मवाळ झाली, आणि अखेर तडजोड झाली ती बरीचशी त्याच मसुद्याच्या वळणाने. मला वाटते, मध्यस्थाचे निम्मे काम हेच असावे: भांडणाऱ्यांना माघार घ्यावीशी वाटेल त्या दिवशी कोणाचीही मान खाली जाणार नाही असा कागद तयार ठेवणे.

मात्र मध्यस्थाचे ऐकले जाईलच असे नसते. ऑक्टोबर १९५० च्या सुरुवातीला चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी तिथले आपले राजदूत का. मा. पणिक्कर यांना मध्यरात्री बोलावून घेतले आणि अमेरिकी सैन्याने ३८ वे अक्षवृत्त, म्हणजे दोन कोरियांमधली तेव्हाची सीमारेषा, ओलांडले तर चीन युद्धात उतरेल, असे बजावले. निरोप वॉशिंग्टनला पोहोचला, पण पणिक्कर चीनकडे झुकलेले आहेत असा तिथे समज असल्यामुळे तो कोणी मनावर घेतला नाही. त्याच महिन्यात चिनी सैन्य लढाईत उतरले. बाबा, काठावरून मारलेली हाक खरी होती. ऐकणाऱ्याचा हाक मारणाऱ्यावर विश्वास नव्हता.

२७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाली. कैद्यांसाठीच्या आयोगात स्वीडन आणि स्वित्झर्लंड हे एका बाजूने सुचवलेले, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया हे दुसऱ्या बाजूने. म्हणजे तटस्थांतही दोन गट होतेच. पाचवा भारत, अध्यक्ष आणि पंच. अध्यक्षपदी जनरल थिमय्या होते आणि कैद्यांच्या राखणीला गेलेल्या सुमारे सहा हजार भारतीय जवानांचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे! त्यांचे नाव मी प्रथम बाबांकडूनच ऐकले होते, पण त्यांनी इथे काय केले हे मला इथे आल्यावर कळले.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देणार नाही असे जाहीर केल्यामुळे आपल्या जवानांना इंचॉनच्या समुद्रातील जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट दोन कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तिथे त्यांनी उभारलेल्या वसाहतीला हिंदनगर हे नाव मिळाले. बावीस हजारांहून अधिक कैदी दक्षिणेकडून आले, उत्तरेकडून अवघे ३५९. कैद्यांच्या छावण्यांत आतल्या आत कडव्या टोळ्यांचे राज्य होते. सप्टेंबरमध्ये चिनी कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरले, तेव्हा थोरात स्वतः त्या कुंपणाच्या आत गेले आणि बोलून त्याला सोडवून आणले. बाबा, तुमचा काठ इथे संपतो. पण सगळेच असे निभावले नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आपल्या जवानांना गोळीबार करावा लागला आणि त्यात काही कैदी मारले गेले.

नव्वद दिवसांत दोन्ही बाजूंनी आपापल्या कैद्यांना मायदेशी परतण्याबद्दल समजावायचे होते. प्रत्यक्षात कैद्यांच्या नकारामुळे आणि आयोगातील भांडणांमुळे ते काम मोजकेच दिवस चालले. शेवटी जानेवारी १९५४ मध्ये थिमय्यांनी उरलेले कैदी ज्यांनी त्यांना पूर्वी धरून ठेवले होते त्यांच्याकडे परत दिले. उत्तरेला हा विश्वासघात वाटला, तर कैद्यांना मुक्त नागरिक म्हणून जाहीर केले नाही याचा दक्षिणेला राग आला. मला तो निर्णय धाडसी वाटत नाही, पण त्याहून बरा निर्णय कोणता होता हेही मला सांगता येत नाही. दोन्हीकडे जायला नकार देणारे सुमारे नव्वद कैदी आपल्या सैन्याबरोबर भारतात आले. त्यांतले काही पुढे ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, काही भारतातच राहिले. एवढे करूनही कोरियाच्या भवितव्यावरील राजकीय परिषदेत भारताला जागा मिळाली नाही.

आईने विचारले होते की आता तिथे कोण असते. शस्त्रसंधीवर देखरेख करणारा दुसरा एक आयोग होता, त्यातले स्विस आणि स्वीडिश अधिकारी आजही त्याच पट्ट्यातल्या पानमुन्जोमला राहतात, दोन्ही देशांचे मिळून जेमतेम दहा. चेक आणि पोलिश अधिकाऱ्यांना उत्तर कोरियाने १९९० च्या दशकात घालवून दिले. उरलेल्यांची बैठक अजून होते आणि इतिवृत्ताची एक प्रत उत्तर कोरियासाठी ठेवलेल्या टपालपेटीत टाकली जाते. १९९५ पासून ती पेटी उत्तरेने उघडलेली नाही. मग टाकतात कशाला, असे तू विचारशील. बैठक झाली की इतिवृत्त दोन्ही बाजूंना द्यायचे, असे ठरलेले आहे, म्हणून टाकतात.

बाबांनी रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यावी. दिवाळीला येतेच आहे.

तुमची,
धाकटी