मुलींना फीमाफी आहे असे सांगून प्रवेश दिला, आता फीही परत नाही आणि टीसीही नाही

दिनांक : २१ ऑक्टोबर २०२४

प्रति,
मा. कुलसचिव,
खासगी विद्यापीठ, पुणे

प्रत : विद्यार्थी तक्रार निवारण समिती

विषय : बी.टेक. प्रथम वर्षाचा प्रवेश रद्द केल्यावर शुल्क परत न मिळणे व मूळ कागदपत्रे अडवून ठेवणे याबाबत.

महोदय,

मी बीड जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. घरी कोरडवाहू शेती आहे, सोयाबीन घेतो. माझ्या मुलीने यंदा जुलैमध्ये आपल्या विद्यापीठात संगणक अभियांत्रिकीला प्रवेश घेतला. पहिला हप्ता एक लाख साठ हजार रुपये आणि वसतिगृहाची अनामत पंधरा हजार रुपये आम्ही भरली. त्यासाठी माझे दागिने बँकेत सोनेतारण ठेवले. सप्टेंबरमध्ये प्रवेश रद्द केला. आज ऑक्टोबर संपत आला तरी ना पैसे मिळाले, ना तिचा शाळा सोडल्याचा दाखला (टीसी), ना बारावीची मूळ गुणपत्रिका.

प्रवेश का घेतला, ते आधी सांगते, कारण खरी तक्रार तिथेच आहे. राज्य शासनाचा ८ जुलै २०२४ चा निर्णय आपल्याला माहीत असेलच. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) गटातल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क शासन पूर्ण भरणार, असा तो निर्णय आहे. आमच्याकडे ओबीसीचा दाखला आहे, नॉन क्रिमीलेअर आहे, तहसीलदारांचे उत्पन्न प्रमाणपत्र आहे. आपल्या प्रवेश कक्षातल्या काउन्सेलर मॅडमना मी हे सगळे दाखवून स्पष्ट विचारले की, ही सवलत तुमच्याकडे लागू आहे का? त्या म्हणाल्या, ‘‘हो, मुलींना शंभर टक्के माफ आहे. आत्ता भरा, महाडीबीटीचा (शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) फॉर्म आपणच भरून देऊ, पैसे तुमच्या खात्यात परत येतील.’’ हेच त्यांनी व्हॉट्सॲपवर लिहूनही पाठवले. तो संदेश या पत्रासोबत जोडला आहे.

वर्ग सुरू झाले. फॉर्म कधी भरायचा म्हणून मुलगी शिष्यवृत्ती विभागात गेली, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने सांगितले की, आपल्या विद्यापीठाला ही योजना नाही. तो खरे बोलला. शासन निर्णयातच खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळली आहेत. शिवाय प्रवेश कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून, झालेला लागतो, संस्थास्तरावरचा किंवा व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही. म्हणजे माझ्या मुलीला आपल्याकडे ही सवलत मिळणे कोणत्याच बाजूने शक्य नव्हते. शिष्यवृत्ती विभागाला जे माहीत आहे, ते प्रवेश कक्षाला माहीत नाही, हे मला पटत नाही. दोन्ही खिडक्या एकाच इमारतीत आहेत. शासन निर्णय निघाला आणि महिना संपायच्या आत त्याच निर्णयाचे नाव घेऊन आमच्यासारख्या घरांतल्या मुलींचे प्रवेश भरले जात होते, याचा मला फार राग आहे.

सुदैवाने मुलीने सीईटीनंतर कॅपचा अर्ज सोडला नव्हता. नंतरच्या फेरीत तिला मराठवाड्यातल्याच एका विनाअनुदानित महाविद्यालयात जागा मिळाली, आणि तिथे ही सवलत लागू आहे. तिने १२ सप्टेंबर रोजी आपल्याकडे प्रवेश रद्द करण्याचा लेखी अर्ज दिला. त्याची शिक्का मारलेली पोच आमच्याकडे आहे.

त्यावर लेखा विभागाने आम्हाला प्रवेशाच्या वेळी सही केलेले हमीपत्र दाखवले. सत्र सुरू झाल्यावर प्रवेश रद्द केला तर शुल्क परत मिळणार नाही, असे त्यात छापले आहे. वर असेही सांगितले की, उरलेला हप्ता भरा, मग टीसी मिळेल. जी मुलगी आपल्याकडे शिकणारच नाही, तिच्या उरलेल्या वर्षाची फी कशाबद्दल मागता?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४-२५ साठी स्पष्ट सांगितले आहे की, ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द झाल्यास पूर्ण शुल्क परत द्यायचे आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द झाल्यास फार तर एक हजार रुपये कापायचे. आमचा अर्ज १२ सप्टेंबरचा आहे, त्यामुळे एक रुपयाही कापता येत नाही. आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे लेखी अर्जापासून पंधरा दिवसांत परतावा द्यायला हवा. मूळ प्रमाणपत्रे पडताळून लगेच परत करायची, ती ठेवून घ्यायची नाहीत, असेही त्याच अधिसूचनेत आहे. आपल्या हमीपत्रातली अट आयोगाच्या नियमापेक्षा मोठी कशी ठरते, हे मला लेखी कळवावे. सही आम्ही केली, हे खरे आहे. पण त्या दिवशी सही केल्याशिवाय पावतीच मिळत नव्हती.

पैशांपेक्षा आज टीसीची घाई जास्त आहे. नव्या महाविद्यालयाने मुलीला मूळ कागदपत्रे नंतर देण्याच्या हमीवर वर्गात बसू दिले आहे. तिथले प्राचार्य समजूतदार आहेत, पण त्यांनाही मुदत आहे. कागद पोहोचले नाहीत आणि तो प्रवेश गेला, तर तिचे वर्ष जाईल. बारावीला आमच्या तालुक्यातून चांगले गुण मिळवलेली मुलगी आहे ती. आता रोज संध्याकाळी फोन करून ‘‘आई, टीसी आली का?’’ एवढेच विचारते.

म्हणून माझी मागणी आहे की, टीसी, गुणपत्रिका आणि इतर मूळ कागदपत्रे हे पत्र मिळताच, कोणतीही रक्कम न मागता, मुलीच्या हाती द्यावीत. एक लाख साठ हजार रुपये शुल्क आणि पंधरा हजार रुपये अनामत, असे एकूण एक लाख पंच्याहत्तर हजार रुपये ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जमा करावेत. आणि प्रवेश कक्षात व माहितीपुस्तिकेत ठळक मराठीत लिहावे की, मुलींच्या फीमाफीची ही योजना या विद्यापीठाला लागू नाही. पुढच्या जूनमध्ये आमच्यासारखेच पालक त्याच खुर्च्यांवर बसणार आहेत.

हे पत्र आयोगाच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण नियमांखालची तक्रार म्हणून नोंदवून घ्यावे आणि मला नोंद क्रमांक द्यावा. समितीने कामकाजाच्या पंधरा दिवसांत शिफारशींसह अहवाल द्यायचा असतो. तो मिळाला नाही किंवा मान्य नसला, तर मी आपल्या विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करीन आणि आयोगाच्या ई-समाधान पोर्टलवरही तक्रार नोंदवीन.

आपली,
विद्यार्थिनीची आई

सोबत : शुल्काच्या पावत्या, प्रवेश रद्द अर्जाची पोच, व्हॉट्सॲप संदेशाची प्रत, कॅपचे जागावाटप पत्र, ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाची प्रत