ईद झाल्यावर येते

कोंढवा, १० मे २०२०, संकष्टी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर मला रडू येतं आणि मग बोलायचं राहून जातं, म्हणून वहीत लिहिते आहे. फोटो काढून बाबांच्या फोनवर पाठवेन. बाबा, अक्षर मोठं करून आईला वाचून दाखवा, आणि मधलं काही गाळू नका.

लॉकडाउनमध्ये मला घरी आणायला तुम्ही पास काढलात, गाडीचंही सांगून ठेवलंत. पण मी येत नाहीये. ईद होईपर्यंत तरी नाही. चंद्रावर आहे, २४ किंवा २५ मे. रागावू नका. आपल्या गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकलेत, इकडेही मागची इमारत सील आहे. मला काहीही त्रास होत नसताना मी यायचे आणि बाबांना माझ्यामुळे... पुढचं लिहवत नाही.

दुसरं कारण समोरच्या आपा. दोन्ही मुलं शारजात, विमानं बंद. आपांना साखर आहे, गुडघे गेलेत. पहिले तीन रोजे त्यांनी हट्टाने धरले. पहाटे पावणेपाचच्या आत खाऊन घ्यायचं आणि मग सातच्या अजानपर्यंत पाण्याचा थेंबही नाही, चौदा तासांच्या वर. तिसऱ्या दिवशी त्यांचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी फोनवर सक्त मनाई केली. आजाऱ्याला त्यांच्यात सूट असते, आजार कायमचा असेल तर सुटलेल्या रोज्यामागे एका गरजूला जेवू घालायचं. सगळं त्यांनीच मला समजावलं, आणि समजावतानाच डोळ्याला पदर लावला. अजून दुपारी दार लावून जेवतात, कुणी पाहू नये म्हणून. आई, मला ते बघवत नाही गं.

आमचा वॉचमन बिहारचा, इथेच अडकलाय. त्याचं ताट रोज आपांच्या घरून जातं आणि चौथ्या मजल्यावरून ते खाली मी नेते. लिफ्ट बंद आहे. मी आले तर कोण नेणार?

आई, तू विचारलं नाहीस, पण बोलता बोलता तू थांबलीस ते मला कळलं. माझ्यासाठी आपांनी वेगळी कढई काढली आहे. संध्याकाळी दोन दारांच्या मध्ये स्टूल ठेवतो. त्यावर त्या खजूर, कापलेली फळं, मुगाची गरम भजी ठेवून आत जातात, मग मी उचलते. रमजान सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी अक्षय्य तृतीया होती. सोसायटीत कोकणातून थेट पेट्या आल्या होत्या, तर मी आमरस पाठवला, वर तुझ्यासारखीच चिमूटभर सुंठ. साखरेमुळे आपांनी दोनच चमचे घेतले, बाकीचा वॉचमनच्या ताटात गेला. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती फेण्यांनी भरून. दुधात भिजवून पहाटे खातात. बाबांना नक्की आवडतील.

पानशेतच्या पुराचं मी काढणार नव्हते. पण १९६१ साली बाबा नऊ वर्षांचे होते आणि आजीने कॅम्पात त्या घरी अकरा दिवस काढले, हे आपल्याकडे मोठ्याने कधी बोललं गेलं नाही. आजी दर ईदला तिकडे काय पाठवायची, ते आई, तुलाच ठाऊक आहे. तूच बांधून द्यायचीस ना?

आज संकष्टी. लहानपणी तू मला गच्चीवर पिटाळायचीस, "चंद्र आला का बघ." ढग असले की मी खोटंच "आला" म्हणायचे, तुला भूक लागली असेल म्हणून. तू ओळखायचीस, तरी गालावरून हात फिरवायचीस. आज आपांना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे तुमचाही चांदवाला रोजा! मी थांबते तुझ्याबरोबर."

ईदला शीरखुर्मा माझ्या घरी, माझ्याच पातेल्यात करायचा ठरलंय. खारका रात्री भिजवायच्या, सकाळी बिया काढून उभ्या चिरायच्या, चारोळ्या सोलायच्या, बारीक शेवया तुपावर परतून उकळत्या दुधात सोडायच्या. साखरेआधी आपांची वाटी बाजूला काढणार. तुमच्यासाठी डबा आणेन. आई, खायचा की नाही ते तू ठरव, मला वाईट वाटणार नाही.

आता माझं ऐका. बाबा, मंडईत जायचं नाही, दाराशी येणारी भाजी वाईट नसते. दुधाची पिशवी धुऊनच आत घ्या. बीपीच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या आधीच मागवा, दुकानदाराला मी यादी पाठवली आहे, पैसेही दिलेत. आई, उपास सोडायला दहा वाजवतेस, तर दुपारी नुसत्या चहावर राहू नकोस, रताळं उकडून खा. उन्हात कुरडया घालायला एकटी गच्चीवर चढू नकोस. यंदा कुरडया नसल्या तरी चालतील. माझ्या खोलीचा पंखा आवाज करतो, तिकडे झोपू नका, हॉलमध्ये झोपा.

दहा वाजत आलेत. आपा दार उघडून खुर्चीवर बसल्यात, मधेच विचारतात, "आया क्या?" आई, तुमच्याकडे दिसला की लगेच मिस्ड कॉल दे. मगच मी पान वाढून घेते.

तुमची,
मनू