पाणी उपसणाऱ्यांचं नाव कोण घेणार?

संपादक महोदय,
थायलंडच्या थाम लुआंग गुहेत पुराच्या पाण्यामुळे अडकलेली १२ पोरं आणि त्यांचा फुटबॉल कोच २०१८ मध्ये जिवंत बाहेर आले, त्याचं सगळं क्रेडिट डायव्हर्सना मिळतं आणि मिळायलाच पाहिजे, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया कुठून कुठून लोक आले, गढूळ पाण्यात उतरले, तिथल्या एका माजी नेव्ही सीलचा (नौदल कमांडोचा) तर जीव गेला. पण गुहेतलं पाणी उपसणाऱ्या पंपवाल्यांचं काय? आपल्या किर्लोस्करांचे इंजिनिअर पण तिथे होते राव! उपसलेलं पाणी खालच्या भातशेतीत घुसलं तरी बऱ्याच शेतकऱ्यांनी भरपाई नको म्हटलं. (इथे तळमजल्यात पाणी शिरलं की पंप कोण आणणार यावरच सोसायटीत तासभर भांडण.) पावसाळी पुरवणीत या पंपवाल्यांवर पण छापा की काहीतरी.
– एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व