चहाच्या सम्राटालाही न मिळालेला चषक

महोदय,

१८५१ साली इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटाला वळसा घालणाऱ्या शर्यतीत ‘अमेरिका’ या शिडाच्या अमेरिकन नौकेने ब्रिटिश नौकांना मागे टाकले. त्या शर्यतीचा चषक म्हणजेच आजचा ‘अमेरिकाज कप’. पुढे १३२ वर्षे तो अमेरिकनांच्या हातून सुटला नाही. चहावाले सर थॉमस लिप्टन तर पाचदा हात हलवत परतले, तेही हसतमुखाने! अखेर १९८३ मध्ये ‘ऑस्ट्रेलिया २’ या नौकेने तळाच्या कण्याला पंख जोडून ४-३ अशी बाजी मारली. २०२४ मध्ये बार्सिलोनाला न्यूझीलंडने ब्रिटनला ७-२ ने हरवले; पहिल्या शर्यतीच्या यजमान ब्रिटनची पाटी अजून कोरीच. अशा शर्यतींना क्रीडापानावर निदान चार ओळी तरी मिळाव्यात.

– एक वाचक, अलिबाग