शेतं जाण्याआधी मैदानं राखू या : कागद, श्रम आणि निधीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आमची परिसर समिती नवी मुंबईच्या कोपरखैरणे-घणसोली भागातली. गावठाणातले जुने रहिवासी, सेक्टरमधल्या सोसायट्यांतली माणसं, काही शिक्षक, एक निवृत्त तलाठी आणि नगररचना शिकणारी काही मुलं-मुली मिळून ती चालवतात. आजवर आपल्या विभागातल्या बागा आणि मैदानांपुरतंच आम्ही बघत होतो. आता ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांसाठी एक काम हाती घेत आहोत. त्यासाठी तुमची मदत हवी आहे. पैशांची हवीच, पण त्याआधी तुमच्या कपाटातल्या कागदांची.

आपलं राज्य शेतीचं. खेड्यात पोरांसाठी कुणी मैदान आखून ठेवलं नाही, कारण तशी गरजच पडली नाही. भातकापणी झाली, भारे खळ्यावर गेले, की रिकामी शेतं पावसापर्यंत पोरांची. झोडणी उरकली, पेंढ्याची उडवी रचली, की खळ्यावर कुणाच्या लग्नाचा मांडव, कुणाचं भजन. गायरानात गुरं आणि गुरांमागे पोरं. देवळापुढचं पटांगण, तळ्याचा काठ, पाराची सावली. गावाची बाग ती हीच. पण सात-बाऱ्यावर असतं एका खातेदाराचं नाव आणि पिकाच्या रकान्यात भात. तो खातेदार अडचणीपोटी जमीन विकतो तेव्हा गुंठ्याचा भाव ठरतो, फेरफार होतो, आणि चार वाड्यांतल्या पोरांची खेळायची जागा गेली याची नोंद मात्र एकाही दप्तरात होत नाही.

नवी मुंबईने हे भोगलं आहे. १९७० मध्ये हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ सिडको स्थापन झालं आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर आखलं गेलं. योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झालं, त्यात पाच जण हुतात्मा झाले. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. नव्या शहरात बागा झाल्या, त्याचा आम्हालाही आनंद आहे. नेरूळचं वंडर्स पार्क, खारघरचं सेंट्रल पार्क. आमच्या कोपरखैरणेचं निसर्ग उद्यान तर जुन्या कचराभूमीवर उभं राहिलं. पण मूळ गावठाणांच्या वाट्याला काय आलं? गावठाण आधीही दाटच होतं. चारी बाजूंना खलाटी, म्हणजे भाताची सखल शेतं होती म्हणून ते जाणवत नव्हतं. शेतं गेली, घरांवर मजले चढले, आणि आज गावठाणातली पोरं दोन घरांमधल्या बोळात अंडरआर्म खेळतात.

शहराच्या विकास आराखड्यात बागेसाठी किंवा मैदानासाठी आरक्षण पडलं म्हणजे जागा वाचली, असंही नाही. आमच्या पाहणीतला एक भूखंड सांगतो. फाटकाला कुलूप, एका बाजूची भिंत पडलेली. आत डेब्रिजचे ढीग: फुटक्या टाइल्स, कमोडचे तुकडे, जिप्समचे पत्रे, आणि त्यावर माजलेली सुबाभूळ. ढिगांमधून एक पायवाट तेवढी लख्ख आहे, कारण पोरं तिथूनच आत शिरतात. पत्र्याच्या फलकावर ‘खेळाचे मैदान’ एवढी अक्षरं वाचता येतात. भूखंड क्रमांक गंजून गेला आहे. तक्रार द्यायला जा, पहिला प्रश्न क्रमांकाचाच येतो.

कायद्यातही मुदती आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाच्या दिशेने पाऊल पडलं नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. यात मालकाची चूक काढण्याचं कारण नाही. शेतकऱ्याची जमीन आरक्षणात अडकवायची, मोबदला द्यायचा नाही आणि बागही करायची नाही, हा त्याच्यावर अन्यायच आहे, असं आम्ही मनापासून मानतो. मैदानाची जागा ठरवतानाच तिचा पैसा आणि मुदत ठरली पाहिजे.

घणसोलीच्या क्रीडासंकुलाचं प्रकरण तुम्हाला ठाऊक असेल. २००३ पासून त्यासाठी २० एकर जागा राखलेली होती. २०१६ मध्ये तिच्यातला काही भाग खासगी विकासकाकडे गेला आणि पुढे संकुल थेट रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या नानोरेला हलवायचं ठरलं. वास्तुविशारदांच्या संस्थेचं नवी मुंबई केंद्र उच्च न्यायालयात गेलं आणि जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. जागा राखल्याचा कागद हातात होता, म्हणून भांडता आलं. ज्या गावात असा कागद कधी तयारच झाला नाही, तिथे कुणी कशाच्या जोरावर भांडायचं?

आता शहापूर-मुरबाडकडे बघा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो. वासिंद, आसनगावच्या पट्ट्यात प्लॉटिंगचे फलक किती लागलेत, हे कसाऱ्याच्या लोकलमधूनसुद्धा दिसतं. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. ४,००० चौरस मीटर म्हणजे साधारण एक एकर. त्याहून लहान तुकडे पाडून विकले, की ही अट लागूच होत नाही. असे दहा तुकडे शेजारी शेजारी पडले, तर दहा एकरांत चेंडू टाकायलाही जागा उरणार नाही. आणि हे प्लॉट घेणारे कोण? आपल्यातलेच अनेक जण. भातसा आणि तानसाचं पाणीही त्याच तालुक्यातून ठाण्या-मुंबईला येतं. तेव्हा तिथल्या पोरांच्या मैदानाची काळजी करणं आपल्याकडे लागतं.

काम असं आहे. प्रत्येक गावात आणि वाडी-पाड्यावर गावकऱ्यांसोबत फिरून मोकळ्या जागांची एक वही करायची. कुठे पोरं खेळतात, कुठे बाजार भरतो, बायका कुठे बसतात, जत्रा कुठे भरते, गट नंबर कोणता, मालकी कुणाची. ते सगळं गाव नकाशावर उतरवायचं आणि २ ऑक्टोबर किंवा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव करून घ्यायचा. शहापूर आणि मुरबाड नगरपंचायतींच्या हद्दीत हेच काम वॉर्डावॉर्डांत करायचं, म्हणजे विकास आराखड्यावर हरकती-सूचना देण्याचे मोजके दिवस येतील तेव्हा लोकांच्या हातात नकाशा असेल. केंद्र सरकारच्या २०१४ च्या शहर नियोजन मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे. शहराचाच हिशोब खेड्याला लावला, तरी दोन हजार वस्तीला पाच एकर लागतात. शाळेचं मैदान, देवळाचं पटांगण आणि तळ्याचा काठ एकत्र धरला, तर अनेक गावांत त्यातला मोठा भाग आज हाताशी आहे.

दोन गोष्टी आम्ही पक्क्या ठरवल्या आहेत. गायरानावर पहिला हक्क गुरांचा, तिथे बाग सुचवायची नाही. आणि कातकरी किंवा ठाकूर कुटुंबाचं एकही घर हलवून मैदान करायचं नाही.

गावाला पेव्हर ब्लॉक, कारंजं आणि प्लास्टिकची घसरगुंडी नको आहे. सपाट केलेली जमीन, कडेला करंज, चिंच, वड, पाण्याचा एक नळ आणि मुलींसाठी स्वच्छतागृह पुरेसं आहे. शेवटच्या गोष्टीवर आमचा फार जोर आहे. शाळेच्या संघात चांगली कबड्डी, खो-खो खेळणाऱ्या मुली आठवीनंतर मैदानावर दिसेनाशा होतात. कपडे बदलायला आडोसा नसतो, अंधार पडला की दिवा नसतो, मग घरचे पाठवत नाहीत. यात मुलींचा काय दोष?

आता मागणं. शहापूर, मुरबाड किंवा आसपास तुम्ही प्लॉट घेतला असेल, तर खरेदीखताला जोडलेला लेआउट नकाशा काढून बघा. त्यात ‘मोकळी जागा’ किंवा ‘ओपन स्पेस’ असं लिहिलेला तुकडा असेल, तर त्या नकाशाची प्रत आम्हाला द्या. ती जागा सर्व प्लॉटधारकांच्या सामाईक वापरासाठी असते आणि ती आज रिकामी आहे की तिथे खोली उभी राहिली आहे, हे जाऊन बघता येईल. माहेर किंवा आजोळ तिकडचं असेल, तर जत्रेचे, क्रिकेटच्या सामन्यांचे, गावपंगतीचे जुने फोटो शोधा. एखादी जागा वर्षानुवर्षं सार्वजनिक वापरात होती, हे सांगायला असा फोटो फार उपयोगी पडतो.

गाव नकाशा वाचता येणारी माणसं हवीत. निवृत्त तलाठी, भूकरमापक, सर्वेअर यांनी महिन्यातला एक रविवार दिला तरी खूप झालं. मोबाइलवर जागेच्या खुणा टिपणं मुलांना आम्ही शिकवू. रविवारी सकाळी लोकलने आसनगावला उतरून पुढे जीपने जायचं असतं. गाडी देऊ शकणाऱ्यांनी जरूर कळवावं.

पैशांचं सांगायचं तर डिजिटल सहीचा सात-बारा १५ रुपयांत मिळतो. तुमच्या शंभर रुपयांत सहा गटांचे उतारे निघतात, म्हणून लहान देणगीला संकोच करू नका. मोठा खर्च सरकारी मोजणीच्या फीचा आणि ग्रामसभेत भिंतीवर लावायच्या मोठ्या नकाशांच्या छपाईचा. प्रत्येक रकमेची पावती मिळेल, आणि जमाखर्च दर महिन्याला समितीच्या फलकावर लागेल. त्या दोन तालुक्यांत ज्यांचा बांधकामाचा किंवा प्लॉटिंगचा व्यवसाय आहे, त्यांच्याकडून आम्ही देणगी घेणार नाही. त्यांनी लेआउटचे मंजूर नकाशे दिले, तर मात्र आभार मानून घेऊ.

दर रविवारी संध्याकाळी ५ ते ७ समितीच्या खोलीत कार्यकर्ते बसलेले असतात. खरेदीखताची मूळ प्रत आणू नका, झेरॉक्स आणा. जुने फोटो मात्र मूळच आणा. आम्ही तिथेच स्कॅन करून ते तुमच्या हातात परत देऊ.