टपकणारा व्हॉल्व्ह बुजवू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

थंडी सुरू झाली की कुठं गिझर फुटल्याची, कुठं बाथरूममध्ये कुणी गुदमरल्याची बातमी छापून येते. बातमीच्या शेवटी बहुतेक वेळा 'नेमके कारण समजू शकले नाही' असं असतं. मी गेली सव्वीस वर्षं गिझर दुरुस्त करतो. माझ्या हाताखालून गेलेला जवळजवळ प्रत्येक गिझर बिघडण्याआधी काही ना काही सांगत होता. आवाज, वास, थेंब, नळाला हात लावल्यावर आलेल्या मुंग्या. हे सांगणं ओळखायचं कसं ते घरातल्या माणसांना कुणी शिकवलेलं नसतं, म्हणून हे पत्र.

निमित्त परवाचं आहे. एका घरून फोन आला, 'पाणी फार कढत येतंय आणि टाकीतून आवाज येतोय.' गेलो. गिझरच्या खाली वाकून पाहिलं, तर सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडात पांढरी पुट्टी ठासून भरलेली. दाबणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा तिच्यावर तसाच वाळलेला होता. घरातल्या आजी म्हणाल्या, "त्यातून सारखं पाणी टपकायचं हो. फरशी ओली राहायची, मी एकदा घसरलेसुद्धा. मागच्या खेपेला आलेल्या माणसाला सांगितलं, त्याने बंद करून दिलं." त्यांना वाटत होतं, एक दुखणं गेलं.

मी मेन स्विच बंद केला, टाकी पूर्ण निवू दिली, मग नळ सोडून दाब उतरवला आणि झाकण काढलं. थर्मोस्टॅटचे पॉइंट एकमेकांना चिकटून बसले होते. म्हणजे पाणी कितीही तापलं तरी तो वीज तोडणार नव्हता.

गिझरवर तीन पहारेकरी असतात. पहिला थर्मोस्टॅट. ठरलेल्या तापमानाला तो वीज तोडतो. तो चुकला तर दुसरा, थर्मल कटआउट. पाणी उकळायच्या जवळ गेलं की तो उडतो. हे दोन्ही चुकले तर तिसरा, सेफ्टी व्हॉल्व्ह, जो दाब बाहेर सोडतो. त्या घरात पहिला कामातून गेला होता, तिसऱ्याचं तोंड बुजवलेलं होतं. सगळं घर मधल्या एका बोटभर कटआउटच्या भरवशावर आंघोळ करत होतं.

व्हॉल्व्ह कशामुळे टपकतो, ते समजून घेतलं तर कुणी त्याच्या वाटेला जाणार नाही. पाणी तापलं की फुगतं. २० अंशांचं २५ लिटर पाणी ६५ अंशांपर्यंत तापवलं तर ते जवळजवळ अर्धा लिटरने वाढतं. टाकी लोखंडाची, ती काही ताणत नाही. थंड पाण्याच्या तोंडाशी पाणी उलटं न जाऊ देणारी झडप असते, म्हणजे मागची वाटही बंद. मग हे वाढलेलं पाणी थेंबाथेंबाने व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं. गिझर चालू असताना व्हॉल्व्ह टपकला तर तो त्याचं काम करतोय. त्याला नळी जोडा, तिला उतार द्या, टोक उघडं ठेवा आणि पाणी मोरीत सोडा. आजींची फरशी कोरडी ठेवायला एवढंच लागलं असतं.

गिझर बंद आहे, टाकी गार आहे आणि तरी रात्रंदिवस टपकतंय, तर मात्र दोष आहे. बहुधा व्हॉल्व्हच्या आत क्षाराचा कण अडकलेला असतो. लिव्हर उचलून थोडं पाणी जोरात जाऊ दिलं तर तो कधीकधी निघून जातो. हे मात्र टाकी गार असतानाच करावं. नाही निघाला तर व्हॉल्व्ह बदलायचा. नवा व्हॉल्व्हही तसाच टपकला तर लाइनचा दाब जास्त आहे, तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवायचा. तोंड बुजवणं हा यातल्या कशावरच उपाय नाही.

बुजवल्यावर काय होतं तेही सांगतो. उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंशांना उकळतं, बंद टाकीत तसं होत नाही. हवेच्या आठपट दाबाखाली ते १७० अंशांपर्यंत पाणीच राहतं. अशा वेळी टाकीचा सांधा सुटला की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते. भिंत पडते ती त्यामुळे.

कटआउटबद्दल लिहिताना माझी स्वतःची चूक सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. धंद्यात नवा होतो. एका घरी कटआउट गेलेला, माझ्या पिशवीत दुसरा नव्हता, घरात तान्हं बाळ, सगळे म्हणाले काहीतरी करा. मी कटआउटच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडल्या आणि 'परवा येऊन नवा बसवतो' म्हणून निघालो. आमच्यात याला 'डायरेक्ट करणं' म्हणतात. रात्री पडल्या पडल्या तो गिझर डोळ्यांपुढे येत राहिला. उजाडायच्या आत सायकल काढली, त्यांचं दार वाजवलं आणि बटण बंद केलं. काही झालं नव्हतं. पण त्या रात्री थर्मोस्टॅट चिकटला असता तर मी आज हे पत्र लिहायच्या लायकीचा राहिलो नसतो. आपल्या वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे, कारागीर 'तात्पुरतं डायरेक्ट करून देतो' म्हणाला तर त्याला थांबवा. दोन दिवस पाणी चुलीवर तापवावं लागलं तरी चालेल.

काही कटआउटना लाल बटण असतं, दाबलं की गिझर पुन्हा सुरू होतो. एकदा दाबून बघायला हरकत नाही. पण दोन दिवसांत ते पुन्हा उडालं तर दाबत बसू नका. ते विनाकारण उडत नाही.

आता आवाजाचं. गिझर तापताना तडतड किंवा बुडबुड ऐकू येते, जणू आत कुणी खडे हलवतंय. ही क्षाराची पुटं. पाण्यात विरघळलेला चुना तापल्यावर कॉइलवर बसतो. मी कॉइल बाहेर काढतो तेव्हा कित्येकदा नळी दिसतच नाही, पांढऱ्या-पिवळ्या कवचाचा जाडजूड गोळा हातात येतो. बोटाने दाबलं की टरफलासारखे तुकडे पडतात, आणि टाकीच्या तळाशी तसल्या खपल्यांचा पसा-दोन पसे ढीग असतो. लोकांना वाटतं याने फक्त बिल वाढतं. खरं नुकसान वेगळं आहे. कॉइलची उष्णता त्या कवचात कोंडते, कॉइल आतल्या आत जास्त तापते आणि शेवटी तिचं आवरण तडकतं. हे कवच ठोकून काढू नका, हातोडीच्या घावाने तेच आवरण फुटतं. व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात कॉइलचा तापणारा भाग बुडवून ठेवला की पुटं आपोआप सुटतात. वायरी जोडायचं टोक तेवढं कोरडं ठेवायचं. परत बसवताना गॅस्केट, म्हणजे सांध्यातली रबरी चकती, नवं घालावं. जुनं हमखास गळतं, आणि ते पाणी जोडणीवर उतरतं.

आवरण तडकलं की पाण्यात करंट उतरू लागतो. नळाला हात लावल्यावर किंचित झिणझिण्या आल्या तरी ती बाब किरकोळ समजू नका. हात काढा, बाहेर येऊन मेन स्विच बंद करा, आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या बाथरूममध्ये आंघोळ नाही. करंट जाणवतोय याचा अर्थ अर्थिंग नीट नाही, आणि ईएलसीबी, म्हणजे करंट गळताच पडणारा स्विच, तोही नाही किंवा काम करत नाही. ३० मिलीॲम्पिअरचा ईएलसीबी गळती होताच वीज तोडतो. त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. दाबल्यावर पडला नाही तर तो नुसता शोभेचा आहे. उलट गिझर लावल्यावर पाच-दहा मिनिटांनी ईएलसीबी पडत असेल तर बहुधा कॉइलला बारीक चीर आहे, तापून फाकली की तिच्यातून गळती होते. अशा वेळी ईएलसीबीच काढून टाकायला सांगणारे मी पाहिलेत. पुट्टी भरणारा अंगठा आणि हा सल्ला एकाच जातीचे.

पाणी तापतच नाही, तर आधी प्लग बघा. प्लग गरम लागतो, सॉकेट काळं पडलंय, तर जोडणी सैल आहे. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला पावणेनऊ ॲम्पिअर ओढतो, त्याला १६ ॲम्पिअरचंच सॉकेट हवं, एक्स्टेन्शन बोर्ड चालत नाही. कॉइल शाबूत आहे का हे कारागीर वायरी सोडवून मल्टिमीटरने बघतो. एवढ्या कॉइलचं रीडिंग २६ ओहमच्या आसपास यायला हवं. काटा हललाच नाही तर कॉइल तुटली. हे तुमच्यासमोर करायला सांगा. कॉइल जळाली म्हणून बदलली जाते आणि दोष थर्मोस्टॅटमध्ये निघतो, असं पुष्कळदा होतं.

कोमट पाण्याची तक्रार असेल तर घड्याळ लावून बघा. १५ लिटरचा २००० वॅटचा गिझर २० अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला वीस-बावीस मिनिटं घेतो. तेवढा वेळ देऊनही पाणी लगेच कोमट होत असेल तर टाकीतली वरचं गरम पाणी बाहेर नेणारी नळी तुटलेली असू शकते. नवीनच बसवलेला गिझर असेल तर प्लंबरने थंड-गरमची तोंडं उलटी जोडलीत का, ते आधी पाहावं. निळ्या खुणेकडून थंड आत, लाल खुणेकडून गरम बाहेर.

तापमान ६० अंशांवर ठेवावं आणि नळाशी थंड पाणी मिसळून घ्यावं. फार खाली ठेवलं तर कोमट टाकीत जंतू वाढतात. पण ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत भाजतं, लहान मुलाची त्याहून लवकर. तेव्हा मुलांच्या बादलीत आधी थंड पाणी, मग गरम.

लालसर पाणी हे गंजाचं लक्षण. टाकीत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो, टाकीच्या वाटणीचा गंज तो स्वतः सोसतो आणि झिजत झिजत संपतो. वर्षा-दोन वर्षांनी काढून बघावा, आतली तार उघडी पडली असेल तर बदलावा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर टाकीत जंतू झालेत, टाकी रिकामी करून धुवावी. टाकीलाच भोक पडलं असेल तर वेल्डिंगच्या फंदात पडू नका, आतला काचेचा लेप जळून जातो आणि शेजारी दुसरं भोक पडतं.

गॅस गिझरबद्दल थोडक्यात लिहितो, पण ते सर्वांत आधी वाचावं. तो बंद बाथरूममध्ये नको. हवा अपुरी पडली की जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तात तो प्राणवायूच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. ज्योत निळ्याची पिवळी झाली, काजळी धरू लागली, आंघोळीत डोकं जड झालं, मळमळलं, तर गॅस बंद करून ताबडतोब मोकळ्या हवेत या. 'अंगात कणकण आहे' म्हणून आत बसून राहिलेली माणसं बाहेर येत नाहीत.

संपादक महोदय, आपल्याकडे अशी बातमी पुन्हा येईल तेव्हा बातमीदारांनी एवढं विचारावं: व्हॉल्व्ह मोकळा होता का, कटआउट डायरेक्ट केला होता का, अर्थिंग होतं का, गॅस गिझर असेल तर बाथरूमला खिडकी होती का. उत्तरं छापली तर चार घरांतले लोक गिझरखाली वाकून बघतील.

आजींच्या घरचा व्हॉल्व्ह आणि थर्मोस्टॅट उद्या सकाळी बसवायचे आहेत. तोवर मेन स्विच बंद करून त्यावर चिकटपट्टी लावून आलोय, आणि शेजारच्या मुलाला बजावलंय की आजींना ती काढू देऊ नको.

आपला,
गिझर दुरुस्ती करणारा एक वाचक